अ‍ॅसिडवाल्या मिथेनॉलमध्ये कोकमाचं डीपीपीएच रीडिंग उलटं का येतंय?

रातांबा:

नमस्कार मंडळी, एमएस्सी ऑरगॅनिकच्या शेवटच्या सेमला आहे, प्रोजेक्ट कोकमाच्या सालीतल्या अँटिऑक्सिडंटवर घेतलाय. अर्क दोन प्रकारे काढलाय, एक साध्या मिथेनॉलमध्ये आणि दुसरा ०.१ टक्के एचसीएल घातलेल्या मिथेनॉलमध्ये, कारण अँथोसायनिन काढायचे तर अ‍ॅसिड घाला असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. तर फोलिन केलं की अ‍ॅसिडवाल्या अर्कात टोटल फिनॉल जास्त येतात, रंगही त्याचाच लालभडक, आणि डीपीपीएच (जांभळ्या रंगाचा रॅडिकल, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू, विझला की रंग उतरतो) लावलं की नेमका तोच अर्क मागे पडतो, आयसी-५०, म्हणजे निम्मं डीपीपीएच विझवायला लागणारं प्रमाण, साध्या अर्काच्या बराच वर जातो. परत केलं, ताजं डीपीपीएच बनवून केलं, तरी तेच.

सेटिंग असं आहे, ०.१ मिलिमोलर डीपीपीएच मिथेनॉलमध्ये, त्यातलं २.९ मिली आणि अर्क ०.१ मिली, अंधारात ३० मिनिटं, मग ५१७ नॅनोमीटरला रीडिंग. स्टँडर्ड अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, साध्या मिथेनॉलमध्ये.

सर म्हणतात फिनॉल जास्त तर अ‍ॅक्टिव्हिटी जास्तच यायला हवी, कुठेतरी डायल्युशन बघ. डायल्युशन मी बघितलंय हो. मला हे कळत नाहीये की अ‍ॅसिडमुळे रॅडिकल आणि फिनॉलची रिअ‍ॅक्शनच बदलते की हा नुसता मोजण्यातला घोळ आहे. कुणी या विषयात काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, व्हायव्हाला हा प्रश्न येणार म्हणजे येणारच.

पर्णिका:

आधी हे सांग, सँपल ब्लँक लावलास का? म्हणजे अर्क आहे, मिथेनॉल आहे, पण डीपीपीएच नाही असा क्युव्हेट. कोकमाचा लाल रंग सायनिडिनच्या ग्लायकोसाइड्सचा, आणि अ‍ॅसिडमध्ये ते सगळे फ्लाव्हिलियम कॅटायनच्या, म्हणजे धनभारित लाल रूपात असतात, त्यांचं शोषण बरोब्बर ५२० ते ५३० च्या पट्ट्यात येतं. डीपीपीएच बघतेस ५१७ ला. मग डीपीपीएचचा जांभळा उतरला तरी तुझ्या अर्काचा लाल तिथे बसलेलाच आहे आणि मशीनला दोन्हीतला फरक कळत नाही, त्याला वाटतं डीपीपीएच अजून शिल्लक आहे, म्हणून आयसी-५० वर चढतो. साध्या मिथेनॉलमध्ये तेच पिगमेंट बऱ्यापैकी फिकं पडतं. आपण अँथोसायनिन मोजायला पीएच १.० आणि ४.५ असे दोन बफर वापरतो ते याच गोष्टीवर चालतं ना, १ ला लाल आणि ४.५ ला जवळपास रंग गेलेला.

प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला वेगळा सँपल ब्लँक लाव आणि वजा कर, एकच ब्लँक सगळ्यांना वापरू नकोस.

निखिल_नाशिक:

मला तर उलटं वाटतं, अ‍ॅसिड घातलं म्हणजे एच प्लस वाढले, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे शेवटी हायड्रोजन देणाराच, मग अ‍ॅसिडमध्ये हायड्रोजन जास्त मिळून डीपीपीएच अजून पटकन विझायला हवं. त्यामुळे सर म्हणतायत ते बरोबर असणार, ब्लँक आणि डायल्युशन नीट केलं की आकडे जागेवर येतील.

विद्रावक:

पर्णिकाताईंचा मुद्दा अगदी रास्त आहे, तो आधी निस्तर. पण सँपल ब्लँक लावल्यावरही फरक राहील असं मला वाटतं, आणि तो फरक खरा असेल.

निखिल, तुझ्या म्हणण्यातली एक गल्लत आधी सोडवूया कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अ‍ॅसिड देतं तो प्रोटॉन, नुसता एच प्लस, इलेक्ट्रॉन नसलेला. रॅडिकलला विझायला लागतो हायड्रोजनचा अख्खा अणू, म्हणजे प्रोटॉन आणि सोबत एक इलेक्ट्रॉन. क्युव्हेटमध्ये कितीही प्रोटॉन ओतलेस तरी इलेक्ट्रॉन एकानेही वाढत नाहीत, तो फिनॉलकडूनच यायचाय. तेव्हा विचारायचं ते हे की फिनॉल तो इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने देतो आणि अ‍ॅसिड त्या वाटेत मदत करतं की आडवं येतं.

वाटा मुख्यतः दोन. पहिली सरळ, फिनॉलचा ओएच रॅडिकलला भिडतो आणि हायड्रोजनचा अणू एकाच घावात तिकडे जातो, याला हॅट म्हणतात, हायड्रोजन अ‍ॅटम ट्रान्स्फर. दुसरी तुकड्यातुकड्यांची, आधी फिनॉल आपला प्रोटॉन सॉल्व्हंटला देऊन फिनॉक्साइड होतो, मग हा ऋणभारित फिनॉक्साइड रॅडिकलला इलेक्ट्रॉन फेकतो, आणि रॅडिकलचा जो अ‍ॅनायन झाला तो मागाहून कुठूनतरी प्रोटॉन घेतो. हिला स्प्लेट म्हणतात. शेवटी हिशोब दोन्हीकडे सारखाच, एक अणू इकडून तिकडे गेला, पण वेगात जमीनअस्मानाचा फरक.

डीपीपीएच हा इलेक्ट्रॉनला हपापलेला रॅडिकल आहे, त्याच्या नायट्रोजनवर पिक्रिल बसलाय, तीन नायट्रो ग्रुपवाला. त्यामुळे मिथेनॉल किंवा इथेनॉलसारख्या आयनायझेशनला साथ देणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये तो फिनॉलपेक्षा फिनॉक्साइडशी फार झपाट्याने रिअ‍ॅक्ट होतो. आता मिथेनॉलमध्ये फिनॉक्साइड असून असून किती असणार, साध्या फिनॉलचा पीकेए (जितका जास्त तितका प्रोटॉन कमी सुटतो) पाण्यात १० आणि मिथेनॉलमध्ये १४ च्या आसपास, म्हणजे नगण्यच. पण तेवढं नगण्य फिनॉक्साइडसुद्धा पूर्ण रिअ‍ॅक्शन ओढून नेतं, कारण ते खर्च झालं की समतोल लगेच नवीन पुरवतो.

आणि इथेच अ‍ॅसिडचं काम दिसतं. अ‍ॅसिड घातलं की समतोल मागे ढकलला जातो, फिनॉक्साइड जवळजवळ नाहीसं होतं, स्प्लेटची वाट बंद, राहिली फक्त हॅटची. त्यात मिथेनॉल फिनॉलच्या ओएचला हायड्रोजन बाँडने धरून ठेवतं त्यामुळे हॅटसुद्धा तिथे मुळात मंद. हे २००३ मध्ये लितविनेन्को आणि कीथ इन्गोल्ड यांनी कॅनडात फार सुंदर दाखवलं. हायड्रोजन बाँडच्या हिशोबाने अल्कोहोलमध्ये फिनॉल आणि डीपीपीएचची रिअ‍ॅक्शन जेवढी मंद यायला हवी त्यापेक्षा ती कितीतरी जलद येत होती, त्यांनी थोडं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घातलं आणि वेग खाली आला, सोडियम मिथॉक्साइड घातलं तर वेग उलट वर उसळला. हेप्टेनसारख्या सॉल्व्हंटमध्ये फिनॉलचा प्रोटॉन सुटतच नाही, त्यामुळे तिथे ही दुसरी वाट मुळातच नाही.

आता तुझाच हिशोब घे रातांबा. कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल साधारण १२ मोलर, त्याचं ०.१ टक्के म्हणजे १२ मिलिमोलर, त्यातलं ०.१ मिली तू ३ मिलीत टाकतेस, म्हणजे क्युव्हेटमध्ये ०.४ मिलिमोलर एचसीएल. डीपीपीएच किती? ०.१ मिलिमोलर. अ‍ॅसिड चौपट. तेही एचसीएलसारखं मिनरल अ‍ॅसिड, अ‍ॅसेटिकसारखं बिचकत सुटणारं नाही. अर्क पातळ करायला पण अ‍ॅसिडवालंच मिथेनॉल वापरत असशील तर प्रत्येक पॉइंटला एवढं अ‍ॅसिड आहेच, आणि साधं वापरत असशील तर गंमत अजून वाईट, प्रत्येक पॉइंटला अ‍ॅसिड वेगळं आणि तू ग्राफ काढतेस तो अर्क आणि अ‍ॅसिड दोन्ही एकदम बदलून.

रातांबा:

बापरे, पातळ करायला साधंच मिथेनॉल वापरत होते सगळ्यांना. म्हणजे ग्राफमध्येच दोन गोष्टी एकत्र हलतायत.

आज सँपल ब्लँक लावून केलं. पर्णिकाताई, तुम्ही म्हणालात तसं अ‍ॅसिडवाल्या अर्काचा ब्लँक बराच मोठा निघाला, तो वजा केल्यावर दोन अर्कांतलं अंतर कमी झालं पण गेलं नाही, अ‍ॅसिडवालाच अजून मागे आहे. तेव्हा विद्रावकदादांचं पटतंय. पण मग फोलिनमध्ये तो पुढे कसा? आणि दुसरं, सर म्हणतील ३० मिनिटं वेळ दिलाय, मंद असली तरी रिअ‍ॅक्शन तेवढ्यात पूर्ण व्हायला काय हरकत?

विद्रावक:

फोलिनचं उत्तर सोपं आहे, त्यात आपण सोडियम कार्बोनेट ओततो, मिश्रण पीएच १० च्या घरात जातं. तुझं आणलेलं थोडंसं अ‍ॅसिड कार्बोनेट गिळून टाकतं आणि तिथे फिनॉल सगळे बऱ्यापैकी फिनॉक्साइड असतात. म्हणजे फोलिनने तुला अर्कात किती फिनॉल आहेत ते सांगितलं आणि डीपीपीएचने सांगितलं की या अ‍ॅसिडमध्ये ते किती चपळ आहेत. दोन्ही आकडे खरे, ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. फ्रॅप (लोखंडाच्या आयनवरची टेस्ट) केलंस तर ते अजून तिसरीकडे, त्याचा अ‍ॅसिटेट बफर ३.६ पीएचचा असतो आणि तिथे रॅडिकल नाहीच, फेरिकचं फेरस होतं. या तिन्ही आकड्यांचं कोरिलेशन काढून लोक टेबल छापतात आणि त्यात पीएचचा उल्लेखही नसतो, मला याचा खरंच त्रास होतो.

३० मिनिटांचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे, सरांनी विचारलं तर चांगलंच. अ‍ॅसिड बदलतं तो मुख्यतः वेग. अँटिऑक्सिडंट अंगचाच चपळ असेल तर मंदावूनही तो ३० मिनिटांत आपला हिस्सा पुरा करतो आणि आयसी-५० मध्ये फरक दिसत नाही, तिथे आयसी-५० म्हणजे एका रेणूने किती डीपीपीएच विझवले एवढाच हिशोब असतो. पण अंगचा सुस्त असेल, उदाहरणार्थ बीएचटी हा कृत्रिम फिनॉल, ज्याचा ओएच दोन टर्शरी ब्युटिल ग्रुपमध्ये दाबलेला आहे, तर साध्या मिथेनॉलमध्येसुद्धा अर्ध्या तासात त्याची रिअ‍ॅक्शन अपुरी राहते. कोकमाच्या अर्कात चपळ आणि सुस्त सगळेच एकत्र, म्हणून अ‍ॅसिडने जे मागे पडले त्यांची वजाबाकी तुझ्या आकड्यात आलीय. वेग बघायचा तर ३० मिनिटं थांबूच नकोस, कायनेटिक मोडवर लाव, अर्क घातल्या घातल्या पहिल्या दोनतीन मिनिटांचा उतार घे. आणि डीपीपीएच निम्मं कर, ५० मायक्रोमोलर, अ‍ॅबसॉर्बन्स एकच्या आत राहतो आणि सुरुवात हातात सापडते.

अजून एक, तुझा 'साधा' अर्कसुद्धा साधा नाहीये. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक अ‍ॅसिड भरपूर असतं, आमसुलाचा आंबटपणा तोच, आणि ते मिथेनॉलमध्ये उतरतं. म्हणजे तू तुलना करतेस ती अ‍ॅसिड विरुद्ध बिनअ‍ॅसिड अशी नाहीच, कमी अ‍ॅसिड विरुद्ध जास्त अ‍ॅसिड अशी आहे.

सांगलीची_हळद:

या चर्चेत हळद यायलाच हवी, मी ओलिओरेझिन काढणाऱ्या युनिटच्या क्वालिटी लॅबला आहे म्हणून सांगते. कर्क्युमिनवर वर्षानुवर्षं हाच वाद होता, अँटिऑक्सिडंट म्हणून काम करतो तो त्याचा फिनॉलचा ओएच की दोन कार्बोनिलच्या मधला भाग. काहींच्या प्रयोगात मधला, काहींच्या प्रयोगात फिनॉलवाला, आणि दोन्ही बाजूंचे आकडे व्यवस्थित. विद्रावकनी सांगितलेल्या त्याच दोघांनी पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, हे सोडवलं. मधला कीटो-इनॉल भाग हा कर्क्युमिनमधला सर्वात आम्लधर्मी, त्यामुळे मिथेनॉलसारख्या सॉल्व्हंटमध्ये प्रोटॉन आधी तिथून सुटतो आणि अ‍ॅनायनकडून डीपीपीएच इलेक्ट्रॉन खेचतो. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घातलं की हे सुटणं थांबतं आणि कर्क्युमिन साध्या फिनॉलसारखा वागायला लागतो, मंद आणि ओएचच्या जोरावर. म्हणजे भांडण सॉल्व्हंटचं आणि त्यातल्या अ‍ॅसिडचं होतं.

कर्क्युमिनचा प्रोटॉन सुटतो हे डोळ्यांनी बघायचं तर लॅबही नको, हळदीत ओला चुना कालवा, पिवळ्याची लाल होते, वरून लिंबू पिळा, परत पिवळी. तो लाल रंग अ‍ॅनायनचा. डीपीपीएचला मिथेनॉलमध्ये हवा असतो तो हाच अ‍ॅनायन, फक्त तिथे तो इतका थोडा असतो की डोळ्याला दिसत नाही.

रातांबा, तुझ्या कोकमात गार्सिनॉल आहे बघ, त्याच्यातही एका बाजूला कॅटेकॉल आणि दुसऱ्या बाजूला इनॉल असलेला डायकीटोन आहे. तो अर्कात असेल तर अ‍ॅसिडचा फरक त्याच्यावर पडेल असा माझा अंदाज, बघण्यासारखं आहे.

निखिल_नाशिक:

प्रोटॉन आणि हायड्रोजन अणूचं आता नीट डोक्यात बसलं, धन्यवाद. पण मग असा नियम धरायचा का की अ‍ॅसिड म्हणजे अँटिऑक्सिडंटला मारकच?

विद्रावक:

नाही, असा नियम अजिबात धरू नकोस, मला सर्वात जास्त आवडणारा भाग हाच आहे. डीपीपीएच हा बाटलीत मिळणारा, वर्षभर टिकणारा नायट्रोजनवरचा रॅडिकल. तेलाला खवट वास येतो किंवा पेशीतली चरबी सडते तिथे काम करतात पेरॉक्सिल रॅडिकल, ऑक्सिजनवरचे. ते डीपीपीएचसारखे इलेक्ट्रॉनला हपापलेले नाहीत, त्यांना सरळ हायड्रोजनचा अणूच हवा असतो, म्हणून त्यांच्या बाबतीत स्प्लेटचं प्रस्थ तेवढं नाही आणि अ‍ॅसिडने मंद व्हायचं कारणही नाही. उलट २००९ मध्ये बोलोन्याच्या व्हाल्जिमिली, अमोराती, पेदुल्ली यांनी कॅनडातल्या डेरेक प्रॅटच्या ग्रुपबरोबर असं दाखवलं की अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये अ‍ॅसिड घातल्यावर पेरॉक्सिल आणि फिनॉलची रिअ‍ॅक्शन चक्क जलद होते. कुणाचीच अशी अपेक्षा नव्हती. त्यांचं स्पष्टीकरण असं की प्रोटॉन इथे फिनॉलकडे न जाता रॅडिकलकडे जातो, प्रोटॉन घेतलेला पेरॉक्सिल फार जबर ऑक्सिडायझर होतो आणि मग तो इलेक्ट्रॉनने भरलेल्या फिनॉलकडून, व्हिटॅमिन ईच्या जातीच्या फिनॉलकडून, इलेक्ट्रॉन ओढून घेतो.

म्हणजे बघ, अ‍ॅसिड एकच, फिनॉल त्याच जातीचे, रॅडिकल आणि सॉल्व्हंट बदलला आणि परिणाम उलटा. अ‍ॅसिडने फिनॉलचं सुटणं दाबलं की मंद, अ‍ॅसिडने रॅडिकलला धार लावली की जलद. कुठला परिणाम वरचढ ठरेल ते रॅडिकल कोण, सॉल्व्हंट कुठला आणि अ‍ॅसिड किती यावर. हे तीन न सांगता 'अमुक फळ जास्त अँटिऑक्सिडंट' म्हणणाऱ्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आणि अ‍ॅसिड बाहेरूनच यायला लागतं असंही नाही. इटलीत कातानियाच्या फोती आणि मंडळींनी २००४ मध्ये कॅफेइक अ‍ॅसिडसारखी सिनॅमिक अ‍ॅसिड्स आणि त्यांचे मिथाइल एस्टर शेजारी शेजारी ठेवून बघितले, अल्कोहोलमध्ये डीपीपीएचबरोबर. अ‍ॅसिडच्या रेणूवर कार्बोक्सिल आहे, तो स्वतःच प्रोटॉन सोडून आपल्याच फिनॉलचं सुटणं दाबतो, एस्टरला ती अडचण नाही म्हणून एस्टर जलद. मिथेनॉलच्या बाटलीत उरलेल्या अंशभर अ‍ॅसिडने किंवा अल्कलीनेही वेग हलतो हेही याच कामांतून पुढे आलं, तेव्हा वेगवेगळ्या बाटलीतलं मिथेनॉल एका ग्राफमध्ये मिसळू नका.

सोलकढी:

मी केमिस्ट्रीवाली नाही, पण कोकमाचं नाव बघून सगळं वाचलं. मग आम्ही रोज सोलकढी पितो त्यातल्या आंबटपणामुळे कोकमाचा गुण कमी होतो असा अर्थ निघतो का? काळजीने विचारतेय, घरात सगळ्यांना देते.

पर्णिका:

नाही हो ताई, तसा अर्थ नाही निघत. इथे बोलतोय ते काचेच्या क्युव्हेटमधल्या मिथेनॉलबद्दल आणि डीपीपीएच नावाच्या पावडरीबद्दल, ती शरीरात कुठेच नसते. पोटात गेल्यावर पीएच वेगळा, पाणी वेगळं, शोषलं किती जातं ते वेगळं. उलट आंबटपणाचा एक फायदा नक्की सांगते, अँथोसायनिन आंबट पाण्यातच नीट टिकतात, म्हणून तर आगळ लाल राहतं. सोलकढी आवडते म्हणून प्या, औषध म्हणून या टेस्टच्या आकड्यांकडे बघू नका.

रातांबा:

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय, बरोबर आहे का सांगा. दोन्ही अर्क रोटाव्हेपवर (सॉल्व्हंट व्हॅक्यूमखाली उडवायचं यंत्र) कोरडे करायचे, मग एकाच मिथेनॉलमध्ये विरघळवायचे, म्हणजे एचसीएल उडून जाईल आणि दोघांना सारखी जागा मिळेल. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड पण त्याच मिथेनॉलमध्ये.

पर्णिका:

एचसीएलवाला अर्क गरम करून आटवू नकोस, पाणी मिथेनॉल उडत जातं तसं मागे अ‍ॅसिड घट्ट होतं आणि ग्लायकोसाइडची साखर तुटायला लागते. शिवाय मिथेनॉल, अ‍ॅसिड आणि कार्बोक्सिल एकत्र आले की मिथाइल एस्टर होतात, गॅलिक अ‍ॅसिड असेल तर मिथाइल गॅलेट व्हायला लागतं, आणि एस्टर डीपीपीएचला वेगळा वागतो हे वर आलंच आहे. एचसीएलऐवजी फॉर्मिक किंवा अ‍ॅसेटिक घेऊन अर्क काढ आणि बाथ ४० डिग्रीच्या आत ठेवून व्हॅक्यूमवर उडव.

विद्रावक:

हो, तसंच कर. आणि उडवूनही थोडं उरणारच, शिवाय हायड्रॉक्सीसिट्रिक तर उडतच नाही, म्हणून अ‍ॅसिड घालवण्यापेक्षा ते सगळीकडे सारखं ठेवणं जास्त भरवशाचं. मिथेनॉल आणि अ‍ॅसिटेट बफर, पीएच ५.५ च्या आसपास, यात एक पूर्ण सेट कर, अर्क, स्टँडर्ड, कंट्रोल सगळं त्यातच. पालमपूरच्या शर्मा आणि भट यांनी २००९ मध्ये डीपीपीएच पद्धत पुन्हा तपासली तेव्हा मिथेनॉल आणि बफर घातलेलं मिथेनॉल दोन्ही वापरून बघितलं होतं, सरांना दाखवायला तो पेपर उपयोगी पडेल.

त्याच्या जोडीला एक शुद्ध पदार्थ घे, कॅटेचिन लॅबमध्ये असेल तर उत्तम, तो साध्या मिथेनॉलमध्ये आणि मग वाढत्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये, कायनेटिक मोडवर. कंट्रोलमध्येही प्रत्येक वेळी तेवढंच अ‍ॅसिड घाल, म्हणजे डीपीपीएच अ‍ॅसिडने आपोआप उतरतंय का तेही कळेल. उतार पडत पडत एका ठिकाणी थांबला, पुढे अ‍ॅसिड वाढवूनही पडेना, तर समज की स्प्लेट संपलं आणि जे उरलंय ते हॅट. तो एक ग्राफ थिसिसमध्ये लाव, कोकमाचे आकडे त्याच्यानंतर येऊ देत.

रातांबा:

कॅटेचिन आहे, अ‍ॅसेटिक पण आहे. स्पेक्ट्रो गुरुवारी मिळतोय, ग्राफ इथे टाकते.